माळरानाची पारख कोणी करायची?

सलीम अलींनी १९३१-३२मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. खर्च निजाम सरकारचा होता आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात. पक्ष्यांचे नमुने पारखले ते ह्यू व्हिस्लर यांनी. पंजाब पोलिसांतून निवृत्त होऊन ते इंग्लंडमध्ये ससेक्सला राहत होते. सर्वेक्षणाच्या लेखमालेत वर्गीकरणाची टिपणे त्यांचीच आहेत. माणूस जाणकार होता, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ताडून पाहायला लागणारे जुने नमुने लंडनच्या संग्रहालयात होते, म्हणून शेवटचा शब्दही तिकडचाच असे.

इकॉलॉजी, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचा अभ्यास, हा विषयही तिकडच्या मातीत वाढला. ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटी १९१३ची, अमेरिकेतली १९१५ची. आपल्याकडे वनस्पतिशास्त्रज्ञ रामदेव मिश्र इंग्लंडातल्या लीड्सहून शिकून आले आणि त्यांनी वाराणसीत हा विषय रुजवला. छापण्याआधी लेख जाणकारांकडून तपासून घेण्याची रीत लंडनच्या रॉयल सोसायटीत १८३०च्या दशकात पडली, तरी ‘नेचर’ या नामांकित विज्ञान-साप्ताहिकाने ती सक्तीची केली १९७३मध्ये. आज अटळ वाटणारी ही पद्धत तशी अलीकडचीच. संपादकांच्या ओळखी युरोप-अमेरिकेतल्या, त्यामुळे परीक्षकही तिथलेच, आणि ते पुढची नावे सुचवणार ती आपल्या ओळखीतलीच.

याचा फटका माळाला कसा बसतो? ऑक्सफर्डजवळ वायथम वुड्स नावाचे लहानसे रान आहे. तिथे १९४७पासून टिट या चिमुकल्या पक्ष्यांच्या घरट्यांच्या नोंदी ठेवल्या जातात आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष जगभर शिकवले जातात. काम थोर आहे, मी स्वतः ते आदराने शिकवतो. पण बीडच्या माळावर तीन पावसाळे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते मोजून आम्ही लेख पाठवला, तो ‘स्थानिक महत्त्वाचा’ असा शेरा घेऊन परत आला. परीक्षकापर्यंत पोचलाच नाही. एका इंग्रजी रानातली गोष्ट जगाची आणि बीडच्या माळावरची फक्त बीडची, हे मला अजून पटलेले नाही.

त्यात गवताळ माळ म्हणजे बिघडलेले जंगल, ही वसाहतकाळातली समजूत. सरकारी दप्तरात असे माळ आजही ‘पडीक’ म्हणून लागतात. धाविक, चंडोल हे पक्षी आणि खोकड, लांडगा यांचे घर तेच, पण ज्याला पडीक म्हटले त्याचा अभ्यास कोण करणार? देशातले संशोधकही आधी सह्याद्रीकडे वळतात.

ही केवळ आमची कुरकुर नव्हे. दहा आघाडीच्या नियतकालिकांतले २००४ ते २००८चे लेख तपासून २०१२मध्ये दाखवले गेले की, अभ्यासाच्या जागा श्रीमंत देशांत, संरक्षित क्षेत्रांत आणि समशीतोष्ण पानझडी रानांत दाटलेल्या आहेत. ‘फंक्शनल इकॉलॉजी’ या नियतकालिकाने तर प्रयोगच केला. काही लेखांवर लेखकांची नावे ठेवली, काहींवरची झाकली, आणि कोणता लेख कुठल्या गटात जाईल हे नशिबावर सोडले. २०२३मध्ये निकाल आला. नावे दिसत होती तेव्हा श्रीमंत आणि इंग्रजी चांगले असलेल्या देशांतल्या लेखकांना झुकते माप मिळत होते. नावे झाकल्यावर ते उरले नाही. त्याच वर्षी आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-संशोधकांच्या पाहणीत दिसले की, मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांचे लेख भाषेपायी सुमारे अडीच पटींनी जास्त वेळा नाकारले जातात.

इकडे प्राध्यापकांची पदोन्नती लेखांच्या संख्येला बांधली गेली आणि पैसे भरले की छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मे २०१८मध्ये आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढली. तोवर अनेकांची वर्षांची मेहनत तिथे जिरली होती. खरी निरीक्षणे त्यातही होती, पण आता ती कोणी वाचत नाही.

जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना खुली झाली. मराठवाड्यातली बहुतेक महाविद्यालये मात्र खासगी संस्थांची, अनुदानित आहेत. पहिल्या टप्प्यात ती नाहीत.