वाय-फायवरील दूरध्वनी : आवाजाचा दर्जा

इंटरनेट दूरध्वनीचे संभाषण वाय-फायवरून जाताना तुटू नये, घोगरे होऊ नये वा उशिरा पोहोचू नये यासाठी केलेली जाळ्याची आखणी व देखरेख. पॅकेटांतून (माहितीच्या छोट्या तुकड्यांतून) आवाज पाठवण्याचे प्रयोग अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावर, 1974 च्या सुमारास झाले. काही लेखक हा इतिहास 1995 मध्ये बाजारात आलेल्या ‘इंटरनेट फोन’ या सॉफ्टवेअरपासून धरतात. तंत्रापुरते पाहिल्यास आधीचीच तारीख अधिक ग्राह्य वाटते.

दर्जा ठरतो तो उशीर, उशिरातील चढउतार (जिटर) आणि पॅकेटांची गळती यांवर. जी.114 या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असलेला बरा. 400 च्या वर जाळ्याची आखणीच करू नये. जिटर झाकण्यासाठी ऐकणाऱ्याकडील उपकरण पॅकेटे थोडा वेळ साठवून धरते. साठा वाढवला की खरखर कमी होते, पण उशीर वाढतो आणि दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

वाय-फायचा ‘स्पीड’ येथे फसवा ठरतो. जी.711 या कोडेकचे (आवाजाचे अंकांत रूपांतर करणाऱ्या पद्धतीचे) 20 मिलिसेकंदांचे पॅकेट शीर्षकांसह (पत्ता वगैरे माहितीसह) 200 बाइटांचे असते. 802.11बी या जुन्या वाय-फाय मानकाच्या जाळ्यात 11 मेगाबिट वेगाने एवढे बाइट जायला सुमारे 145 मायक्रोसेकंद पुरतात. पण आधीची प्रतीक्षा, प्रारंभसंकेत व पोच धरून हवेतील जागा सुमारे 1 मिलिसेकंद अडते. दुतर्फा संभाषणाची सेकंदाला 100 पॅकेटे होतात, म्हणून एका चॅनेलवर दहा-अकरा कॉलच मावतात. 1 मेगाबिटवर उतरलेला एखादा दूरचा फोन सर्वांचाच वेळ खातो. म्हणून ॲक्सेस पॉइंटवर (वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणावर) खालचे वेग बंद ठेवतात.

आवाजाला अग्रक्रम देण्याची सोय 802.11ई (2005) मानकात आली. आवाजाच्या रांगेतील पॅकेट सुरुवातीला 0 ते 3 टप्प्यांची यादृच्छिक प्रतीक्षा करते, तर साध्या रांगेतील 0 ते 15 ची. गोंधळ होतो तो पॅकेटावरील अग्रक्रमाच्या खुणेच्या भाषांतरात. आयपी शीर्षकात आवाजाची खूण 46, म्हणजे द्विमानात 101110. अनेक उपकरणे तिचे पहिले तीनच अंक घेत; 101 म्हणजे 5, आणि वाय-फायमध्ये 5 ही व्हिडिओची रांग. खूण बरोबर, राउटरही बरोबर, तरी आवाज चुकीच्या रांगेत. आरएफसी 8325 (2018) या इंटरनेट मानक-दस्तऐवजात 46 ला 6, म्हणजे आवाजाची रांग, देण्याची शिफारस आहे. त्याआधीची उपकरणे असलेल्या जाळ्यात ही जोडणी हाताने तपासावी. ‘क्यूओएस (अग्रक्रमाची सोय) चालू’ एवढ्या नोंदीवर विसंबू नये. शिवाय फोनकडून वर जाणाऱ्या पॅकेटांची रांग फोनच ठरवतो, तेथे ॲक्सेस पॉइंटची सेटिंग चालत नाही.

मांडणीत क्षेत्राच्या कडेलाही −67 डीबीएम (संकेताच्या शक्तीचे एकक) संकेत आणि सुमारे 25 डेसिबल संकेत-गोंगाट अंतर मिळावे, असा प्रघात आहे. ॲक्सेस पॉइंटची शक्ती कमाल ठेवणे ही नेहमीची चूक: फोनचा प्रक्षेपक दुबळा असल्याने आपल्याला पलीकडचे स्वच्छ ऐकू येते, आपले मात्र तिकडे पोहोचत नाही. एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना पूर्ण प्रमाणीकरण झाले, तर शब्दच्या शब्द गळतात. 802.11आर (2008) या जलद बदलाच्या मानकामुळे हा खंड पुष्कळ कमी होतो, पण काही जुने हँडसेट असे जाळे चालू केल्यावर जोडलेच जात नाहीत.

दोष शोधताना आधी राउटरला पिंग करावे, म्हणजे छोटे पॅकेट पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजावा. तेथेच वेळ वरखाली होत असेल, तर संशय वाय-फायवर घ्यावा. राउटरपर्यंत सुरळीत असून पुढे, विशेषतः मोठी फाइल अपलोड होत असताना, उशीर शेकडो मिलिसेकंदांवर गेला, तर मोडेममध्ये पॅकेटांचा ढीग साचत असतो. तो टाळण्यासाठी अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85 ते 95 टक्क्यांवर बांधावी.

मोबाइल कंपन्यांच्या वाय-फाय कॉलिंगमध्ये (भारतात 2019 च्या अखेरीपासून) आवाज कूटबद्ध बोगद्यातून, म्हणजे दुसऱ्या पॅकेटांत गुंडाळून, जातो. आतील पॅकेटवरची खूण बाहेरच्या शीर्षकावर उतरवली गेली नाही, तर वाटेतल्या उपकरणांना तो साधाच डेटा दिसतो.