समुद्राच्या बाजूने थोडे जास्त

म्हापशाच्या आमच्या जुन्या घरात पेटीसारखा मोठा टीव्ही होता. मोडक्या स्पीकरमधला चुंबक एकदा मी त्याच्या काचेजवळ नेला आणि पडद्यावरचे चेहरे एका बाजूला ओढले गेले, रंग विस्कटले. काचेमागे इलेक्ट्रॉनांचा झोत धावतो आणि आपण त्याचीच वाट वळवली, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

चुंबकाची ही रीत मला अजूनही विलक्षण वाटते. थांबलेल्या विद्युतभाराला तो शिवतही नाही. भार धावू लागला की जोर लावतो, तोही काटकोनात: धावण्याच्या दिशेला आणि चुंबकीय रेषांनाही. म्हणून कणाचा वेग वाढत नाही की घटत नाही, नुसती वाट वळते. कण रेषेच्या दिशेनेच निघाला असेल तर तीही नाही.

आता गोव्याच्या आकाशाकडे येऊ. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र फ्रिजवरच्या छोट्या चुंबकापेक्षाही दुबळं, पण हजारो किलोमीटर पसरलेलं. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे या रेषा जमिनीला समांतर असतात तो पट्टा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातो, त्यामुळे आपल्याकडे रेषा जवळजवळ आडव्या, दक्षिणेकडून उत्तरेकडे. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांना, म्हणजे मुख्यतः धनभारित प्रोटॉनांना, त्या ओलांडाव्या लागतात. सुमारे 15 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा (हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक) कमी ऊर्जेचे बहुतेक प्रोटॉन वरच्या वर माघारी वळतात. ध्रुवांकडे रेषा उभ्या होतात आणि कण त्यांच्या कडेकडेने खाली उतरतात. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेमार्फत अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावर गेलेल्यांना हिरवा ध्रुवीय प्रकाश दिसतो तो असेच रेषांच्या कडेने उतरणाऱ्या, मुख्यतः इलेक्ट्रॉनांमुळे.

मग जे प्रोटॉन इथवर पोचतात त्यांचं काय? सरळ खाली येणारा धनभारित कण या रेषांमध्ये पूर्वेकडे वळतो. म्हणजे आपल्याला तो पश्चिमेकडून आलेला दिसणार. भार ऋण असता तर उलट. वैश्विक किरणांवर कुठला भार आहे हे ठाऊक नव्हतं, तेव्हा 1933 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ थॉमस जॉन्सन यांनी, तसंच लुईस अल्वारेझ आणि आर्थर कॉम्प्टन यांनी मेक्सिको सिटीत मोजणी केली. पश्चिमेकडून जास्त कण आले. भार धन! केवळ दिशा मोजून एवढं कळावं, याचं मला फार अप्रूप आहे.

हे प्रोटॉन हवेवर आदळले की त्यातून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, जन्मतात आणि साधारण त्याच दिशेने जमिनीपर्यंत येतात. मिरामारच्या वाळूत उभे असताना तळहातातून दर मिनिटाला असे कितीतरी म्युऑन आरपार जातात. समुद्रसपाटीला फरक लहानच, पण अरबी समुद्राच्या बाजूने येणारे थोडे जास्त.