केटामाइन-मॉर्फिन जोडी (तीव्र वेदनेसाठी)

मोठं ऑपरेशन, मोडलेलं हाड किंवा मोठा अपघात, अशा वेळी मॉर्फिन देऊनसुद्धा ठणका हटत नाही तेव्हा त्याच्या जोडीला केटामाइनचा अगदी छोटा डोस देतात. केटामाइन म्हटलं की लोकांना भुलीचं इंजेक्शन आठवतं, नाहीतर पोलिसांनी धाड टाकून पकडलेली पावडर, पण इथे पेशंटला झोपवायचं नसतंच. शिरेतून भूल द्यायला किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम लागतं, वेदनेसाठी ०.१ ते ०.३ पुरतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम धरलं, आणि बाटलीत १ मिलीला ५० मिलिग्रॅम असेल, तर औषध जेमतेम पाव मिली भरतं. ते सलाईनमध्ये पातळ करून १०-१५ मिनिटं हळूहळू सोडतात, कारण एकदम ढकललं की पेशंट म्हणतो छत हलतंय, मी तरंगतोय.

दोन्ही औषधांचं काम वेगळं आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे. मॉर्फिन अफूतून निघतं (१९व्या शतकाच्या सुरुवातीला सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने ते वेगळं काढलं) आणि ओपिऑइड रिसेप्टरवर (म्हणजे अफूच्या जातीची औषधं पेशीवर जिथे चिकटतात त्या जागेवर) बसून वेदनेचा निरोप दाबतं. पण वेदनेचा मारा चालूच राहिला की मज्जारज्जूतल्या पेशी चेकाळतात, साध्या स्पर्शालाही कळ येते, आणि यात एनएमडीए नावाच्या रिसेप्टरचा मोठा हात असतो. जास्त मॉर्फिननेच कधीकधी शरीर उलट जास्त हळवं होतं, तिथेही हाच रिसेप्टर. केटामाइन नेमका तो अडवतं. म्हणून लहान डोसमधलं केटामाइन हे दुसरं पेनकिलर समजण्यापेक्षा मॉर्फिनची वाट मोकळी करणारं औषध समजलेलं बरं.

केटामाइन १९६२ साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणाऱ्या कॅल्विन स्टीव्हन्सने बनवलं, १९७० मध्ये तिथे भुलीसाठी मंजुरी मिळाली. जोडीचा अभ्यास बराच नंतरचा. २००३ च्या एका इस्रायली अभ्यासात ऑपरेशननंतर मॉर्फिनला न जुमानणारी वेदना असलेले २४५ पेशंट घेतले, काहींना आणखी मॉर्फिन दिलं तर काहींना त्याच्या निम्मं मॉर्फिन अधिक थोडं केटामाइन, आणि दुसऱ्या गटाला लवकर आणि जास्त आराम पडला. ऑस्ट्रेलियात ॲम्ब्युलन्समधल्या अपघातग्रस्तांवरच्या २०१२ च्या चाचणीतही दहाच्या मापावर वेदना केटामाइनवाल्यांची ५.६ ने उतरली, नुसत्या मॉर्फिनवाल्यांची ३.२ ने. मात्र साइड इफेक्ट ३९ टक्के विरुद्ध १४ टक्के, बहुतेक किरकोळ, पण हा हिशोब सांगितलाच पाहिजे.

आणि ही काही जादू नाही. ऑपरेशनच्या वेळी केटामाइन देण्याच्या १३० अभ्यासांचा २०१८ चा कॉक्रेन आढावा (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) पाहिला तर पहिल्या २४ तासांत मॉर्फिनची बचत सरासरी ८ मिलिग्रॅमच्या आसपास, मळमळ-उलटी थोडी कमी. फार दुखणाऱ्या ऑपरेशनला आणि आधीपासून ओपिऑइड घेणाऱ्यांना फायदा जास्त दिसतो, छोट्या ऑपरेशनला उगाच कशाला.

कंट्रोलमध्ये नसलेला हृदयविकार, सायकोसिस (भास-भ्रम होणारा मानसिक आजार), लिव्हरचा गंभीर आजार, गरोदरपण, अशा पेशंटना केटामाइन टाळतात. श्वास मंदावण्याची भीती मुख्यतः मॉर्फिनची, केटामाइन जोडीला आहे म्हणून ती संपत नाही, त्यामुळे ऑक्सिजनवर नजर ठेवावीच लागते. मॉर्फिन जास्त झालं तर नॅलोक्सोनने उतरवता येतं, केटामाइनला असा उतारा नाही, ते ओसरेपर्यंत थांबायचं.

भारतात दोन्ही औषधं एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन मिळवणं थोडं सोपं केलं, तरी कपाटाला कुलूप आणि रजिस्टरमध्ये ॲम्प्युलची मोजणी सुटत नाही. नातेवाइकांना आधी सांगून ठेवावं लागतं ते वेगळंच, पेशंटचे डोळे आपोआप हलतात, तो काहीतरी असंबद्ध बोलतो, आणि बाहेर बसलेल्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला.