केर्बेरॉस

संगणक जाळ्यात वापरकर्त्याची ओळख पटवणारा एक प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसांत पाळायचा नियमसंच. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पात तो तयार झाला. ग्रीक पुराणकथांत पाताळाच्या दाराशी राखण करणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचे नाव त्याला दिले आहे.

सगळे काम एकाच मोठ्या संगणकावर चालत असे तेव्हा लॉग-इन करताना एकदा पासवर्ड विचारला की भागत असे. अथेनात मात्र विद्यार्थी कोणत्याही वर्कस्टेशनवर बसत. त्यांच्या फायली एका सर्व्हरवर, टपाल दुसऱ्यावर, छपाई तिसऱ्यावर. प्रत्येक सर्व्हरकडे पासवर्ड पाठवावा, तर वाटेत तो कोणीही टिपून घेऊ शकतो. वर्कस्टेशनच्या शब्दावर विसंबावे, तर त्याचा ताबा कोणाकडे आहे याचा भरवसा नाही.

रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर केर्बेरॉस आधारलेला आहे. त्यात प्रत्येकाची गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कूटबद्ध करण्याचा (इतरांना वाचता येणार नाही असा बनवण्याचा) आणि पुन्हा उलगडण्याचा संकेत, त्याच्याखेरीज फक्त एका मध्यवर्ती केंद्राकडे असते. लॉग-इन होताच केंद्र वापरकर्त्याला तात्पुरती किल्ली आणि एक तिकीट, म्हणजे ओळखीचा कूटबद्ध दाखला, पाठवते. ही किल्ली पासवर्डपासून बनवलेल्या किल्लीने कूटबद्ध केलेली असते, त्यामुळे पासवर्ड ठाऊक असणाऱ्यालाच ती उलगडता येते. पासवर्ड स्वतः जाळ्यातून कधीच जात नाही, हेच या रचनेचे खरे बळ. पुढे हे तिकीट दाखवून प्रत्येक सेवेसाठी वेगळे तिकीट घेता येते. पासवर्ड पुन्हा टाकावा लागत नाही. सेवेचे तिकीट त्या सेवेच्याच किल्लीने उघडते, म्हणून सर्व्हरला दर वेळी केंद्राकडे चौकशी करावी लागत नाही.

चोरलेले तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून त्यासोबत तात्पुरत्या किल्लीने कूटबद्ध केलेली वेळेची नोंद पाठवावी लागते. यासाठी सर्व संगणकांची घड्याळे जुळलेली लागतात. सहसा पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो. प्रशासकांना छळणाऱ्या कितीतरी लॉग-इन तक्रारींचे मूळ या घड्याळांतच सापडते.

सहज ओळखता येणाऱ्या कच्च्या पासवर्डला मात्र ही रचना वाचवू शकत नाही: केंद्राचे उत्तर टिपून हल्लेखोर निवांतपणे एकेक पासवर्ड लावून पाहू शकतो. केंद्राची स्वतःची किल्ली चोरीला गेली, तर कोणाच्याही नावाचे बनावट तिकीट तयार करता येते.

पाचवी आवृत्ती १९९३ मध्ये इंटरनेट मानक म्हणून मांडली गेली आणि २००५ मध्ये सुधारली गेली. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या डोमेन जाळ्यांत (एका केंद्रातून सांभाळल्या जाणाऱ्या जाळ्यांत) हाच मुख्य प्रोटोकॉल आहे. केर्बेरॉस फक्त ‘हा कोण’ एवढेच सांगतो. त्याला काय करू द्यायचे हे प्रत्येक सेवा ठरवते. त्या निर्णयासाठी लागणारी वापरकर्त्याच्या गटांची माहिती विंडोज तिकिटातच जोडून देते.