औषध मागण्याआधी मूळ दाखवा
भाजीपाला, तूर आणि संत्रा पिकवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी सूत्रकृमींविषयी माहिती

वांग्याचं किंवा टमाट्याचं झाड दुपारी मान टाकतं आणि सायंकाळी पुन्हा उभं राहतं. पानं फिकी पडतात. युरिया देऊन झाला, पाणी वाढवून झालं, तरी झाड उठत नाही. अशी झाडं वावरभर नसतात, मधेमधे टापूंत दिसतात. 'एखादं टॉनिक द्या' म्हणण्याआधी त्यातलं एक झाड फावड्यानं खणून आणा. ओढून उपटू नका. बारीक मुळं मातीतच तुटून राहतात, आणि पाहायची तीच असतात.

मुळांवर गाठी असतील, तर आत काय चाललं आहे ते असं. सूत्रकृमी म्हणजे मातीत राहणारा, धाग्यासारखा अतिबारीक किडा. त्याचं अंड्यातून निघालेलं पिल्लू अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतं, डोळ्यांना दिसत नाही. मुळातून झिरपणाऱ्या रसांच्या मागावर ते येतं आणि मुळाच्या टोकाजवळच्या कोवळ्या भागातून आत शिरतं. तोंडात पोकळ, टोकदार काटा असतो. अन्नपाणी वाहणाऱ्या भागाशी पोचलं की ते काट्यातून आपली लाळ काही पेशींमध्ये सोडतं. त्या पेशी मरत नाहीत. उलट अवाढव्य वाढतात. एकेका पेशीत अनेक केंद्रकं तयार होतात आणि झाडाचं अन्न तिकडे ओढलं जातं. भोवतीचा भाग सुजतो, तीच गाठ. मादी तिथेच फुगून बसते, जागची हलत नाही आणि चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. गरम, ओलसर मातीत महिनाभरात पुढची पिढी तयार. पाणी वाहणारा रस्ताच अडला असल्यानं वरून कितीही पाणी दिलं तरी झाड दुपारी सुकतं. त्याच जखमांतून मर रोगाची बुरशीही आत येते.

तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळावरची प्रत्येक गाठ रोगाची नसते, हे मात्र ध्यानात ठेवा. झाडाला नत्र मिळवून देणाऱ्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखानं सहज निघतात, फोडल्यावर आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं. ती वेगळी निघत नाही. तुरीच्या मुळांवर बारीक पांढरे चकचकीत कण दिसले तर ती आणखी वेगळ्या जातीची मादी. मेल्यावर तिचं तपकिरी कवच होतं आणि त्यातली अंडी पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहतात.

संत्र्यात गाठ शोधू नका, मिळणार नाही. संत्र्यावरच्या सूत्रकृमीची मादी तोंडाकडचा भाग मुळात खुपसते, मागचा भाग बाहेर ठेवते. तिच्या चिकट स्रावाला माती धरते, त्यामुळे तंतुमुळं धुतल्यावरही मळकट राहतात. वर फांद्या शेंड्याकडून वाळतात, फळ बारीक राहतं, बाग हळूहळू खचते. संत्र्याचं कलम ज्या लिंबाच्या रोपावर बांधतात तो खुंट. जंभेरीच्या खुंटावरची बाग गेली म्हणून रंगपूर लिंबाच्या खुंटावर लावली, एवढ्यानं सुटका नाही. दोन्ही खुंट या किडीला बळी पडतात. ती नव्या वावरात जाते बहुधा पन्हेरीतल्या कलमाच्या पिशवीतून, म्हणून कलम घेताना एखादी पिशवी फाडून मूळ पाहा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

आता उपाय. जमीन पूर्ण साफ करणारं औषध आमच्याकडे नाही, आणि गाठ झालेलं मूळ पुन्हा सरळ होत नाही. पुढची पिढी कमी करायची, एवढंच हातात असतं. भेंडीनंतर वांगं, वांग्यानंतर काकडी म्हणजे सूत्रकृमीसाठी वाढून ठेवलेलं ताट. ती साखळी तोडा. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना मारक असतात, पण झेंडू त्याच मातीत, ओळींमध्ये हवा. नुसता धुऱ्यावर लावला तर हार करायला कामी येईल. रोपांच्या वाफ्यासाठी एप्रिल-मे महिन्यांतलं आपलं ऊन हे सगळ्यात स्वस्त औषध: वाफा ओला करून पातळ पारदर्शक प्लास्टिकनं चार ते सहा आठवडे झाका, कडा मातीनं दाबा. काळं प्लास्टिक नको.

निंबोळी पेंड आणि पॅसिलोमायसिस ही बुरशी आम्ही विकतो. ही बुरशी अंड्यांवर वाढते, म्हणून लागवडीआधी शेणखतात मिसळून दिली तरच अर्थ आहे. उभं पीक सुकल्यावर घेऊन जाऊ नका. फोरेट हे कीटकनाशक अजूनही मागितलं जातं. 2020 अखेरपासून त्यावर देशभर बंदी आहे, आम्ही ठेवत नाही.

शंका राहिली तर तपासणी करा. सगळ्या प्रयोगशाळांत ती होत नाही. जवळचं कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा संत्र्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था इथे आधी विचारा. पूर्ण वाळलेल्या झाडाखालची माती घेऊ नका, तिथलं खाणं संपल्यानं कृमी कमी सापडतात. आजारी दिसणाऱ्या पण जिवंत झाडांच्या तंतुमुळांजवळून, वीतभर खोलीवरून, चार-पाच ठिकाणची ओलसर माती मुळांसह प्लास्टिकच्या पिशवीत भरा. नेहमीच्या माती परीक्षणासारखी ती वाळवायची नाही. पिशवी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत राहिली तर कृमी मरतात, आणि अहवालात वावर निरोगी निघतं.