पिवळी पडलेली लेन्स आणि गॅसबत्तीचं मेंटल

परभणी, नांदेड, लातूरकडे लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोरांना सध्या जुन्या लेन्सचं वेड लागलंय. बंद पडलेल्या एखाद्या स्टुडिओच्या कपाटात ताकुमार, म्हणजे पेंटॅक्सची जुनी जपानी लेन्स, सापडते, स्वस्तातला अडाप्टर लावून ती मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर चढते. मग कुणीतरी मोबाईल पुढे करतो. व्हिडिओत लेन्सजवळ किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर धरलेला असतो आणि तो कडकड वाजत असतो. "घरात ठेवू नको रे, कॅन्सर होतो." माझ्याकडेही अशी एक आहे, ५० मिमी, एफ १.४. काउंटर वाजतो हे खरंच आहे. का वाजतो, ते समजायला जरा मागे जावं लागतं.

भिंग बनवणाऱ्यांची जुनी अडचण अशी, की जी काच प्रकाशाला जास्त वाकवते ती सहसा त्याचे रंगही जास्त फाकवते. मग चित्राच्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते. १९३०च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज मोरे यांनी वाळूच्या नेहमीच्या काचेऐवजी दुर्मिळ मूलद्रव्यांची ऑक्साइडं वापरून काच घडवली आणि कोडॅकने ती उचलली. थोरियम या किरणोत्सारी धातूचं ऑक्साइड घातलेली काच प्रकाश भरपूर वाकवते, पण रंग फारसे फाकवत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानातून रात्री टेहळणीचे फोटो काढायला वापरलेली १७८ मिमी, एफ २.५ ची एरो-एक्टार लेन्स याच काचेची. युद्धानंतर हे तंत्र जपानी कारखान्यांनीही वापरलं. ५० मिमी एफ १.४ सुपर-ताकुमारच्या पहिल्या, ८ भिंगांच्या आवृत्तीत थोरियम नव्हतं. पुढे ७ भिंगांची आली तिच्यात ते आहे, मागच्या बाजूच्या भिंगात. काही काचांत तर वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत थोरियम असायचं.

आता घरचं उदाहरण. वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांनी थोरियम पाहिलंय. सप्ताहातलं कीर्तन, माळेगावच्या जत्रेतली दुकानं, तमाशाचा तंबू, सगळीकडे तोच पांढरा झगझगीत उजेड. नवं मेंटल, म्हणजे कापडी जाळीची पिशवी, बांधून पेटवलं की कापड जळून जायचं आणि राखेची जाळी तेवढी उरायची. बोट लागलं की भुगा. ती राख म्हणजे जवळजवळ सगळं थोरियम ऑक्साइड, त्यात किंचित सिरियम. ही युक्ती ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. मेंटलसाठी थोरियम लागायचं आणि ते मोनाझाइट वाळूतून मिळायचं. १९०९ मध्ये ही वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) थोरियमचा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला, त्याच्या थोरियम नायट्रेटचं मोठं गिऱ्हाईक मेंटलवालेच होते. मेंटलची राख फुंकरीने उडवणाऱ्या आपल्या आजोबांना कुणी कधी काउंटर दाखवला नाही.

म्हणून थोरियम निरुपद्रवी ठरतं असं नाही. ते मुख्यतः अल्फा कण सोडतं, आणि हे कण कागदानेही अडतात. बाहेर असताना त्यांचा त्रास जवळजवळ नाही, पण धूळ श्वासातून किंवा दुसऱ्या वाटेने आत गेली तर गोष्ट वेगळी. एक्स-रेसाठी रुग्णांच्या शिरेत थोरियमचं द्रावण टोचायचे, थोरोट्रास्ट नावाचं. त्यातल्या अनेकांना पुढे यकृताचा कर्करोग झाला. काचेच्या बाबतीत खरी जोखीम ती घासणाऱ्या कामगारांना होती. तयार लेन्समधून थोरियमच्या वंशातल्या, म्हणजे ते तुटत जाऊन बनणाऱ्या मूलद्रव्यांचे बीटा आणि गॅमा किरण बाहेर येतात, काउंटर वाजतो तो त्यांच्यामुळे. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या २००१ च्या अहवालात नेहमी फोटो काढणाऱ्याचा जास्तीत जास्त डोस वर्षाला सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसाचं माप) धरलाय. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. आपल्या पायाखालच्या काळ्या दगडात तर किरणोत्सारी द्रव्यं कमीच. अमेरिकेच्या नियमात लेन्सला थोरियमची सवलत आहे, दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या काचेत आणि चष्म्यात मात्र नाही, कारण तिथे काच डोळ्याला चिकटून असते. ओरखडा पडला म्हणून लेन्स पॉलिश करून देणाऱ्याकडे नेऊ नका, घासताना तीच धूळ उडते, एवढंच मी सांगेन.

पुढे थोरियमऐवजी लॅन्थेनम नावाच्या मूलद्रव्याची काच वापरात आली, थोरियम मागे पडलं. १९८०च्या सुमारास ते लेन्समधून गेलंच. या लेन्स परत आल्या त्या २००८ नंतर, मिररलेसमुळे. ताकुमारसारख्या एम४२ आट्यांच्या लेन्सला मागे फिल्म किंवा सेन्सरपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, सोनीच्या नव्या कॅमेऱ्यात ते १८ मिमी, म्हणून मधे अडाप्टरला भरपूर जागा.

राहिला पिवळेपणा. किरणांच्या माऱ्याने काचेच्या रचनेत इलेक्ट्रॉन अडकतात आणि ती चहासारखी दिसू लागते. उन्हातला अतिनील प्रकाश त्यांना सोडवतो. मी मार्चमध्ये लेन्स गच्चीवर ठेवली, आईच्या कुरडयांच्या बाजूला. एका टोकाला जेवण गुंडाळायची चांदी (फॉइल) लावलेली, नाहीतर एफ १.४ चं भिंग उन्हात म्हणजे काडेपेटीच. बारा ते चार आत आणायचो, कारण आपल्या उन्हात ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर उतरतं. तीन आठवड्यांनी पांढऱ्या कागदावर धरून पाहिली तर चहा जाऊन फिकट लिंबू राहिलं होतं. थोरियम आतच आहे, त्यामुळे काही वर्षांत ती पुन्हा पिवळी पडेल, आणि पुन्हा कुरडयांच्या शेजारी जाईल.