सराव पद्धतींची निवड (क्रीडाकौशल्ये)

क्रीडाकौशल्य शिकताना त्याचे किती भाग पाडावेत, ते कोणत्या क्रमाने घोटावेत आणि मधे किती विश्रांती द्यावी, हे ठरवणे म्हणजे सराव पद्धतीची निवड होय. ही निवड कौशल्याची घडण आणि शिकणाऱ्याची तयारी पाहून करावी लागते.

सातारा-सांगलीकडच्या तालमीतील धोबीपछाड या डावात प्रतिस्पर्ध्याचा हात धरून आत शिरणे, वळणे आणि खांद्यावरून फेकणे या क्रिया एकाच लयीत गुंफलेल्या असतात. त्या सुट्या घोटल्यास लय हरवते, म्हणून हा डाव विरोध न करणाऱ्या जोडीदारावर संथ गतीने, पण अखंड शिकवणे योग्य. यास पूर्ण पद्धती म्हणतात. खो-खोमधील खो देणे, खांब मारणे व सूर मारणे ही कौशल्ये मात्र वेगवेगळी घोटून नंतर खेळात जोडता येतात. दमवणाऱ्या कौशल्यांचा सराव थोडा थोडा, विभागून घेणे हिताचे.

सर्वांत मोठी गफलत क्रमाच्या बाबतीत होते. एकच फटका शंभर वेळा मारला की त्या दिवशी तो सफाईदार दिसतो आणि खेळाडू व मार्गदर्शक दोघेही समाधान पावतात. परंतु ही सफाई म्हणजे शिकणे नव्हे. शिया व मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हातांच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात मिश्र क्रमाने, म्हणजे वेगवेगळ्या हालचाली आलटूनपालटून, सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत सरस ठरले. गुड व मॅगिल यांना १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवतानाही मिश्र क्रम नंतरच्या चाचणीत लाभदायक आढळला. अगदी नवशिक्याला मात्र हालचालीचा ढोबळ आकार जमेपर्यंत एकाच प्रकारची आवर्तने द्यावीत. पद्धतीचा कस काही दिवसांच्या खंडानंतर घ्यावा.

सराव ज्या परिस्थितीत होतो, तिचाही ठसा कौशल्यावर उमटतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना अपरिचित होते, तरी ते सहावे आले. पुढे या नव्या रीतीची कसून तयारी करून १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले.